फिरंगी नाताळ आणि इंग्रजी नाताळ : आगमनकालाचा तारखांशीं संबंध

१

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें केवळ मोडी दप्तरांत सांठविलेलीं नाहींत, हें आतां निराळें सांगावयास नको. गोव्याचे फिरंगी, मुंबई-सुरतेचे टोपीकर व वेंगुर्ल्याचे वलंदेज यांच्या कागदांचा उपयोग आपल्याकडील संशोधकांनीं पूर्वींपासून केला आहे. परंतु हे कागद लिहिणारे लोक ज्या पंचांगानें चालत, त्या पंचांगांतील सणवारांकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. शक, संवत्सर, शुहूर सन, फसली व राजशक यांचा मेळ बसविण्यांत निष्णात असलेला अभ्यासकहि, 'नाताळाच्या दिवशीं' किंवा 'आगमनकालाच्या पहिल्या रविवारीं' असा उल्लेख समोर आला म्हणजे तो डिसेंबराच्या अखेरीस किंवा आरंभीं टाकून मोकळा होतो. एवढ्यानें काम भागत नाहीं. नाताळ हा एक दिवस नव्हे, तो एक काल आहे. त्यास पूर्वांग आहे व उत्तरांगहि आहे. शिवाय मुंबई इंग्रजांच्या ताब्यांत आल्यापासून, म्हणजे १६६५ पासून १७५१ पर्यंत, ८७ वर्षें हा काल आपल्या कोंकणपट्टींत दोन निरनिराळ्या वेळीं येत होता. ख्रिस्ती मंदिरांत या सणाची तयारी कशी होते व तो कसा साजरा होतो, हें प्रथम थोडक्यांत सांगून, मग त्यावरून तारखा कशा ताडून पाहाव्या याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

२

रोमन संप्रदायाचें व्रतपंचांग जानेवारीपासून सुरू होत नाहीं. तें आगमनकालापासून सुरू होतें. या कालाचें लॅटिन नांव 'आद्वेंतुस' असें असून त्याचा अर्थच आगमन असा आहे. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रू याचा सण. त्या दिवसास सर्वांत जवळ जो रविवार येईल तो आगमनकालाचा पहिला रविवार. अर्थात् तो २७ नोव्हेंबराच्या पूर्वीं येत नाहीं व ३ डिसेंबराच्या पलीकडे जात नाहीं. तेथून चार रविवार मोजावयाचे. यामुळें आगमनकाल कधीं २२ दिवसांचा तर कधीं २८ दिवसांचा असतो. नाताळ हा तारखेस बांधलेला आणि आगमनकालाचा आरंभ वारास बांधलेला, हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे.

२५ डिसेंबर या दिवशीं ख्रिस्तजन्म मानल्याचा जुना लेखी पुरावा रोम शहरांतील ३५४ सालच्या एका कालगणनाग्रंथांत सांपडतो. पूर्वतयारीचा काल त्यामागून ठरत गेला. फ्रान्सांतील माकों येथें सहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भरलेल्या धर्मसभेनें ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत सोमवार, बुधवार व शुक्रवार हे उपासाचे दिवस ठरविले. मिलान येथील मंदिरांत आगमनकाल अजूनहि सहा आठवड्यांचा पाळतात. रोमचा प्रघात मात्र चार रविवारांचा झाला, आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यास आला तो हाच.

या कालांत धर्मगुरूंचीं वस्त्रें जांभळीं असतात. 'ग्लोरिया' नांवाचें आनंदाचें स्तोत्र मिस्सेंत म्हणत नाहींत. लेंट म्हणजे उपासकाल. त्यासारखेंच हें व्रत, परंतु त्याहून सौम्य. १७ डिसेंबरपासून २३ डिसेंबरपर्यंत सायंप्रार्थनेंत रोज एक याप्रमाणें सात ध्रुवपदें गातात. प्रत्येकाचा आरंभ संबोधनानें होतो, आणि त्या संबोधनानंतरच्या शब्दांचीं आद्याक्षरें उलट क्रमानें घेतलीं म्हणजे 'उद्यां मी येईन' अशा अर्थाचें लॅटिन वाक्य निघतें. आपल्या चित्रकाव्यांतील अक्षरबंधांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस ही मौज सहज कळेल.

नाताळाच्या आदल्या दिवशीं, म्हणजे २४ डिसेंबरास, जुन्या रोमन विधीप्रमाणें हुतात्मचरितावलींतून एक जाहीरनामा वाचीत. या लेखाच्या वाचकांस सर्व विधींमध्यें तोच अधिक रंजक वाटेल असें आम्हांस वाटतें. ख्रिस्तजन्माचा दिवस त्यांत एका सनानें सांगून समाधान मानलेलें नाहीं. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ५१९९ वें वर्ष, जलप्रलयापासून २९५७ वें, अब्राहामाच्या जन्मापासून २०१५ वें, मोशेच्या निर्गमनापासून १५१० वें, दावीदाच्या अभिषेकापासून १०३२ वें, ग्रीकांच्या १९४ व्या ऑलिंपियाडांत, रोम नगराच्या स्थापनेपासून ७५२ व्या वर्षीं व ऑगस्तुस बादशहाच्या ४२ व्या वर्षीं हा जन्म झाला, अशी ती परंपरा आहे. शक, संवत्सर, शुहूर व राजशक एका मथळ्यावर मांडणाऱ्या आपल्या लेखकांचीच ही रीत नव्हे काय ? विसाव्या शतकाच्या अखेरीस या जाहीरनाम्याच्या शब्दांत सुधारणा झाली. परंतु जुन्या पुस्तकांतून हे आंकडे असेच आढळतील.

नाताळास तीन मिस्सा होतात : मध्यरात्रींची, पहांटेची व दिवसाची. मध्यरात्रींच्या मिस्सेस पोर्तुगीज लोक 'मिस्सा दु गालु', म्हणजे कोंबड्याची मिस्सा, असें म्हणतात. जांभळीं वस्त्रें जाऊन पांढरीं येतात, ग्लोरिया पुन्हां गातात, आणि मंदिरांत मांडलेल्या गव्हाणींत बालमूर्ति ठेवितात. गव्हाणीचा देखावा मांडण्याची चाल असिसीच्या संत फ्रान्सिसानें १२२३ सालीं ग्रेच्चो येथें केलेल्या उत्सवापासून बळावली. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत या दिवसांत नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कुलकुल वगैरे जिन्नस करून शेजारींपाजारीं वाटतात. या वाट्यास 'कोन्सुआद' असें नांव आहे. २८ डिसेंबर हा हेरोदानें मारलेल्या निरपराध बालकांचा दिवस, आणि ६ जानेवारी हा तीन राजांचा सण. रेइश मागुश, कांसावली व चांदर या तीन ठिकाणीं तो विशेष थाटानें होतो. गांवचीं मुलें राजांचीं सोंगें घेऊन मंदिराकडे जातात. येथें नाताळाचें उत्तरांग संपतें. आपल्या भाषेंत रूढ झालेला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल' म्हणजे जन्मदिन याचेंच रूप आहे. पुढें इंग्रज व अमेरिकन मिशनांच्या द्वारें दुसऱ्या संप्रदायाचे ख्रिस्ती आले, तरी मराठींत सणाचें नांव फिरंग्यांनीं आणलेलेंच राहिलें.

३

आतां तारखांकडे वळूं. १५८२ सालीं तेरावा ग्रेगरी पोप यानें जुनें जुलियन पंचांग शुद्ध केलें. त्या वर्षीं ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसास १५ ऑक्टोबर मानण्यांत आलें. पोर्तुगालनें ही शुद्धि तत्काळ स्वीकारली. वलंदेजांपैकीं हॉलंड प्रांतानेंहि ती लवकरच घेतली. इंग्लंडनें मात्र पोपाची म्हणून ती नाकारली, आणि १७५२ च्या सप्टेंबरांत, २ तारखेच्या दुसऱ्या दिवसास १४ म्हणून, अखेरीस मान्य केली. तोंपर्यंत दोन गणनांत १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० दिवसांचें व त्यानंतर ११ दिवसांचें अंतर होतें.

शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं झाला असें आपण म्हणतों. ती तारीख इंग्रजांच्या जुन्या गणनेची आहे. त्याच दिवशीं गोव्याचा फिरंगी १६ जून लिहीत होता. मुंबई बेट ताब्यांत दिल्याघेतल्याचा कागद पोर्तुगीज गणनेनें १८ फेब्रुवारी १६६५ चा आहे. इंग्रजांच्या हिशेबीं तोच दिवस ८ फेब्रुवारी, आणि त्यांचें वर्ष २५ मार्चास बदलत असल्यामुळें सन मात्र १६६४. एका दिवसाच्या एका घटनेस तारीख वेगळी व सनहि वेगळा !

हेंच नाताळास लागू केलें म्हणजे काय होतें तें पाहा. इंग्लंडच्या धर्मसंस्थेनें पोप सोडला, परंतु आगमनकाल व नाताळ सोडले नाहींत. पार्लमेंटनें १६४७ सालीं नाताळ बंद करविला होता. १६६० त राजा परत आला व सणहि परत आला. दुसऱ्याच वर्षीं विवाहाच्या तहानें मुंबई बेट इंग्रजांस लिहून मिळालें. म्हणजे मुंबईंत जो इंग्रजी नाताळ आला, तो मायदेशीं नुकताच पुनः प्रतिष्ठित झालेला व जुन्या पंचांगानें चालणारा होता. माहीम व दादर येथील फ्रान्सिस्कनांच्या इगर्जींत, पलीकडे साष्टींत व वसईंत नाताळ होऊन दहा दिवस लोटले म्हणजे मुंबईच्या किल्ल्यांतील टोपीकर नाताळ करीत. स्मार्त व भागवत यांची एकादशी एखादे वेळीं एका दिवसानें निरनिराळी होते, तिची आपणांस संवय आहे. येथें अंतर दहा-अकरा दिवसांचें होतें आणि तें दरवर्षीं होतें.

एक निश्चित उदाहरण घेऊं. मुंबईच्या किल्ल्यांतील संत तोमासाचें मंदिर, ज्यास १८३७ पासून कॅथीड्रलचा दर्जा मिळाला, तें जेरल्ड आँजियराच्या वेळीं सुरू होऊन अर्धवट राहिलें होतें. रिचर्ड कॉब या पाद्र्याच्या खटपटीनें तें काम १७१५ त पुन्हां सुरू झालें, आणि १७१८ च्या नाताळाच्या दिवशीं तेथें पहिली उपासना झाली. मंदिर उघडण्यास हा दिवस मुद्दाम निवडलेला दिसतो. परंतु तो दिवस कोणता ? इंग्रजी २५ डिसेंबर १७१८ म्हणजे नव्या गणनेचा ५ जानेवारी १७१९, गुरुवार. त्या दिवशीं माहीम-दादरच्या इगर्जींत नाताळाची गव्हाण जुनी झालेली होती व दुसऱ्या दिवशींचा तीन राजांचा सण उंबरठ्याशीं आलेला होता. रोमन मंडळींचा नाताळ त्याच्या पूर्वींच्या पंधरवड्यांत रविवारीं होऊन गेला होता.

आगमनकाल पाहिला तर अंतर याहूनहि वाढतें. रोमन गणनेनें त्या वर्षीं पहिला आगमन-रविवार २७ नोव्हेंबरास आला. इंग्रजी गणनेनें तो ३० नोव्हेंबरास, म्हणजे नव्या गणनेच्या ११ डिसेंबरास आला. दोन नाताळांत ११ दिवसांचें अंतर, परंतु दोन आगमन-रविवारांत १४ दिवसांचें. याचें कारण उघड आहे. पंचांगें दोन झालीं तरी वार एकच राहतो. गोव्यांत रविवार असला म्हणजे मुंबईंतहि रविवारच असावयाचा. म्हणून रविवारास बांधलेल्या सणांतील अंतर नेहमीं सातांच्या पटींत पडतें. या मुदतींत रोमन आगमन-रविवार इंग्रजी आगमन-रविवाराच्या ७ किंवा १४ दिवस आधीं येतो. १० किंवा ११ दिवस आधीं कधींच येत नाहीं. केवळ अकरा दिवस मिळवून ज्यांनीं अशी तारीख बदलली, त्यांची तारीख चुकलीच म्हणून समजावें.

यावरून पुढील नियम निघतात.

(१) १५८२ ते १७५२ च्या दरम्यानच्या कागदांत नाताळाचा उल्लेख असेल, तर लिहिणारा रोमन कीं इंग्रज हें आधीं ठरवावें, मग तारीख.

(२) 'आगमनकालाचा अमुक रविवार' असा उल्लेख असेल, तर त्या त्या पंचांगांत तो स्वतंत्रपणें काढावा. एकावरून दुसऱ्यास दिवस मिळवूं नयेत.

(३) वार दिला असेल तर तोच उत्तम साक्षी समजावा. तारीख गणनेप्रमाणें बदलते, वार बदलत नाहीं.

(४) इंग्रजी कागदांत नाताळ व त्यानंतरचा तीन राजांचा सण हे जुन्या रीतीनें एकाच सनांत पडतात, कारण नवा सन मार्चांत लागतो. पोर्तुगीज कागदांत याच्या उलट एक अडचण आहे. पोर्तुगालांत १४२२ सालीं ख्रिस्तजन्माचा सन सुरू करण्यांत आला. त्या मूळ पद्धतींत वर्षारंभ नाताळाच्या दिवसापासून होत असे. म्हणून सोळाव्या शतकांतील पोर्तुगीज कागद २५ ते ३१ डिसेंबर यांमधील असेल, तर त्यावरील सन पुढच्या वर्षाचा नाहीं ना, हें ताडून पाहावें.

(५) आर्मेनियन व्यापाऱ्यांचे कागद हातीं आल्यास तिसराच विचार करावा लागतो. त्यांच्या प्राचीन संप्रदायांत ख्रिस्तजन्म व ख्रिस्ताचा बाप्तिस्मा हे दोन्ही सण मिळून ६ जानेवारीस होतात.

४

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्यास १६८३ सालचें उदाहरण पुरे आहे. त्या वर्षीं २४ नोव्हेंबरच्या रात्रीं संभाजी महाराजांच्या लोकांनीं गोव्यानजीकचें जुवें बेट, ज्यास फिरंगी सांतु इश्तेव्हांव म्हणत, तेथील किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशीं तो परत घेण्यास आलेला विजरई कोंद द आल्व्होर पराभव पावून मोठ्या कष्टानें जीव वांचवून गेला. रोमन पंचांगांत त्यानंतर तीनच दिवसांनीं, म्हणजे २८ नोव्हेंबरास, आगमनकालाचा पहिला रविवार होता. गोवें शहर व्रताच्या जांभळ्या कालांत शिरत असतां शत्रु दाराशीं होता. विजरईनें संत फ्रान्सिस झेवियर याची शवपेटी उघडवून आपल्या अधिकाराची काठी संताच्या पायाशीं ठेविली, ही प्रसिद्ध गोष्ट याच प्रसंगाची. आणि त्या संताचा सण ३ डिसेंबर, म्हणजे आगमनकालाच्या पहिल्याच आठवड्यांत. पुढें डिसेंबरांत मराठी फौजा साष्टी व बारदेश या प्रांतांत शिरल्या. शाहआलम मोंगली सैन्यासह घाट उतरून येतो अशी बातमी आल्यावर जानेवारी १६८४ च्या आरंभीं त्या माघारी फिरल्या. म्हणजे त्या वर्षींचा फिरंग्यांचा नाताळ, शनिवार २५ डिसेंबर, हा मराठी फौजा साष्टी-बारदेशांत असतां झाला.

समजा, याच प्रसंगाविषयीं कारवार किंवा मुंबई येथील इंग्रजांचें एखादें पत्र हातीं आलें व त्यांत 'नाताळाच्या दिवशीं' असा उल्लेख आढळला. इंग्रजी नाताळ नव्या गणनेनें ४ जानेवारी १६८४, मंगळवार. तो दिवस फौज माघारी फिरण्याच्या सुमाराचा आहे. फिरंगी नाताळ धरला तर वेढ्यांतील गोष्ट, इंग्रजी धरला तर सुटकेची गोष्ट. एका शब्दाच्या अर्थावर घटनांचा क्रम उलटासुलटा होतो. यापरतें अधिक प्रयोजन सांगण्याची गरज आम्हांस दिसत नाहीं.

५

याच विजरईचें नांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत दुसऱ्या व अधिक दुःखद कारणानें येतें. वेढा उठून सहा महिने झाले नाहींत तोंच, २७ जून १६८४ रोजीं, त्यानें हुकूम काढला कीं गोव्यांतील रयतेनें तीन वर्षांत आपली देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या इगर्जींतून त्यापूर्वीं नाताळाची कथा मराठी ओव्यांत गाइली जात होती, त्यांच्या राज्यकर्त्याचा हा हुकूम होता.

ती कथा म्हणजे फादर तोमास स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण. हा जन्मानें इंग्रज, विल्टशरचा. परंतु जेझुइट होऊन २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला. तीन वर्षांनीं पंचांग बदललें, आणि त्यानंतर १६१९ त मरेपर्यंत त्यानें जो नाताळ केला, तो त्याच्या मायदेशच्या नाताळाच्या दहा दिवस आधीं येत गेला. त्याचें पुराण १६१६ सालीं साष्टींतील रायतूर येथें रोमन लिपींत छापलें. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वरू म्हणजे अध्याय आहेत, आणि ओव्यांची एकंदर संख्या छापील आवृत्तींत १०,९६२ भरते. मूळ पोर्तुगीज मथळ्याचा अर्थ 'आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगांत झालेल्या आगमनाविषयीं निरूपण' असा आहे. ग्रंथास पुराण हें नांव लोकांत रूढ झालें. कर्त्यानें मथळ्यांत घातलेला शब्द आगमन हा होता. ग्रंथाची मांडणीहि त्या शब्दास अनुसरून आहे. पहिलें पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाची वाट पाहण्याचें, आणि दुसरें त्याच्या जन्मापासून पुढील चरित्राचें. मंदिरांत चार आठवडे जें व्रत चालतें, तेंच येथें हजारों ओव्यांत पसरलेलें आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. रविवारीं व सणाच्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं लोक जमून तें ऐकत, ही परंपरा प्रसिद्ध आहे.

हें पुराण १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज उपलब्ध असल्याचें ज्ञात नाहीं. १६५४ पासून मंगळूर येथें जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं आवृत्ति काढीपर्यंत, २५३ वर्षें, हा ग्रंथ लोकांनीं हातानें उतरून जगविला. साल्ढाणांची आवृत्ति अशाच हस्तलिखितांवर उभी आहे. पुढें विल्यम मार्स्डेन याच्या संग्रहांतील देवनागरी हस्तलिखित लंडन येथें जस्टिन अॅबट यांच्या दृष्टीस पडलें. तें मूळ लिपींतलें कीं मागाहून उतरलेलें, हा वाद अभ्यासकांत आहे. देवनागरी आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यास काढली.

विजरईच्या हुकुमास न जुमानतां ज्यांनीं या पोथ्या राखल्या ते कोणी मोठे सरदार नव्हते. ते गांवोगांवचे ख्रिस्ती गृहस्थ, गायक व पाद्री होते. म्हणून पोथीसंग्राहकांस आमची विनंति आहे. रोमन लिपींतील जुनी वही दिसली कीं ती पोर्तुगीज किंवा लॅटिन म्हणून बाजूस टाकूं नये. चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. तीन चरणांचें यमक जुळून चौथा आंखूड पडला, तर ती आपलीच ओंवी आहे. तसेंच इगर्जींच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, उत्सव करणाऱ्या मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या व जुनीं धर्मपंचांगें यांकडे लक्ष द्यावें. डिसेंबरांतील मेण, तेल व कापड यांच्या खर्चाची नोंद वरकरणीं क्षुल्लक दिसते. परंतु तिच्यावर 'आगमनाचा दुसरा रविवार' असा मथळा असला, तर वर दिलेल्या नियमांनीं तिचा दिवस नक्की करतां येतो, आणि तो दिवस मग लढाईच्या, तहाच्या किंवा दुष्काळाच्या कागदांशीं जोडतां येतो.

वसईंतील मंदिरांत आज नाताळाची उपासना मराठींत होते व गोव्यांत कोंकणींत. १६८४ चा हुकूम दप्तरांत राहिला, भाषा मंदिरांत परत आली. त्या भाषेंत पूर्वीं काय गाइलें गेलें, याचा लेखी पुरावा मात्र अद्याप थोड्या हातांत आहे, व कागदास वाळवी लागण्यास कोणत्याहि पंचांगाचा मुहूर्त लागत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशा पोथ्या वा वह्या असतील, त्यांनीं त्यांची यादी प्रसिद्ध करावी, एवढेंच सुचवून हा लेख पुरा करितों.